हन्नाबीच्या गाडीला सूट

आमच्या सामाजीमामांना आयुष्यात कधी कोणी कसली सूट दिली नाही. शाळेत फी माफ झाली नाही, मुंबईच्या गोदीत उशिरा येण्याची माफी मिळाली नाही, आणि इस्राएलात उतरले तेव्हा विमानतळावरच त्यांची हापूसची पेटी काढून घेतली. "फळं आणायला बंदी हाय म्हणाले. मी म्हटलं, बाबा, हापूसला कसली बंदी? ऐकलंच नाय," असं ते पुढे दहा वर्षं सांगत होते. त्या पेटीचं दुःख त्यांना आई गेल्याच्या दुःखापेक्षा जास्त होतं असं मलकामामी म्हणायच्या, आणि मामी खोटं बोलणाऱ्यातल्या नव्हत्या.

मामा माझे सख्खे मामा नव्हेत. लोदला आमच्या शिकुनात, म्हणजे नव्याने आलेल्या लोकांसाठी सरकारने बांधलेल्या त्या तीनमजली ठोकळ्यांत, ते सगळ्यांचेच मामा होते. घोडीच्या गाडीवर टाकी बसवून ते घरोघर घासलेट विकायचे. हिवाळ्यात घासलेटवाचून आमचं पान हलत नसे. स्टो घासलेटवर, शेगडी घासलेटवर, अंघोळीचं पाणी घासलेटवर.

मूळचे ते थळचे, अलिबागच्या वरच्या अंगाचे. आजोबांचा तेलाचा घाणा होता. आम्ही बेने इस्राएल लोक शनिवारी घाणा बंद ठेवायचो म्हणून सगळा कुलाबा जिल्हा आम्हाला शनवार तेली म्हणायचा. मामांच्या वडिलांना त्या नावाची इतकी चीड, की घाणा विकून ते मुंबईला गेले, डोक्यावर काळी टोपी चढवली आणि पोराला बजावलं, "काय वाटेल ते कर, पण तेलाला हात लावू नकोस." मामा गोदीत लागले. मग इकडे आले, नेगेवच्या वाळवंटात रस्त्याची खडी फोडताना पाठ कामातून गेली, आणि लेबर ऑफिसातल्या माणसाने फार विचार करून त्यांना जे काम दिलं ते घासलेटच्या गाडीचं. "समुद्र ओलांडून आलो आनि पुन्हा तेलीच झालो," असं म्हणून मामा स्वतःच सगळ्यात मोठ्याने हसायचे. शनिवारी गाडी बंदच असायची. पण इथे सगळ्यांचंच सगळं बंद, त्यामुळे नाव ठेवायला कोणी उरलं नव्हतं.

घोडी एका म्हाताऱ्या रुमानियन घासलेटवाल्याकडून गाडीसकट आलेली. तिचं नाव फ्लोरिका. मामा तिच्याशी मराठीत बोलायचे आणि ती त्यांच्याकडे ढुंकून बघायची नाही. तिला एकच गोष्ट कळे. घंटा वाजली की थांबायचं, आणि नळ बंद झाल्याचा आवाज आला की चालायला लागायचं. मधे जगबुडी झाली तरी तिचा काही संबंध नाही.

अशी सगळी घडी बसलेली असताना, चौसष्ट सालच्या हिवाळ्यात आमच्या रिमोन रस्त्यावर डांबर पडलं.

आधी तिथे नुसती धूळ होती, आणि पाऊस आला की चिखल. त्यामुळे डांबर बघायला आम्ही बायका पोरंबाळं घेऊन गॅलरीत उभ्या राहिलो, जसं काही लग्नाची वरात चालली आहे. दुसऱ्या दिवशी खांबावर पाटी लागली. रस्ता नीट बसेपर्यंत कोणत्याही वाहनाने इथे थांबू नये. खाली बारीक अक्षरांत सूट: रुग्णवाहिका, अग्निशामक गाडी, टपालाची गाडी. घासलेटच्या गाडीचं नाव नव्हतं. पालिकेच्या इंजिनिअरने मुद्दामच घातलं नव्हतं. घासलेट सांडलं की डांबर विरघळतं, लोण्यासारखं होतं, आणि मामांच्या टाकीचा नळ तर सदाच ठिबकायचा. इंजिनिअरचं चुकलं होतं असं मी आजही म्हणणार नाही. पण बरोबर असलेल्या माणसाचा राग येऊ नये असा काही कायदा नाही.

पाटीची राखण करायला बारूख नावाचा पकाख होता. पकाख म्हणजे पालिकेचा इन्स्पेक्टर. बल्गेरियाचा, पोट सुटलेला, मिशाळ, आवाज मोठा आणि काळीज लहान मुलाचं. त्याने मामांना बाजूला घेतलं आणि अदोन, म्हणजे श्रीयुत, म्हणत सांगितलं, "अदोन सामाजी, इथे तुझी गाडी थांबलेली दिसली तर मला तुझा परवाना काढून घ्यावा लागेल. मला ते करायला लावू नकोस." मामांचा चेहरा पडला. छप्पन्न वर्षांचं वय, पाठ अशी. परवाना गेला तर लेबर ऑफिस डोंगरावर झाडं लावायला पाठवणार, आणि मामा वाकले की त्यांना सरळ करायला दोन माणसं लागायची. मलकामामी म्हणाल्या, "यांना झाडं लावायला पाठवलं तर झाडाबरोबर हेच तिथे रोवले जातील."

म्हणून मामांनी न थांबता घासलेट विकायचं ठरवलं.

तो तमाशा मी जन्मात विसरणार नाही. घंटा वाजवली तर फ्लोरिका थांबणार, म्हणून घंटा बंद. मग मामा ओरडायला लागले. हिब्रूत ओरडायला गेले तर त्यांना लाज वाटायची, आवाजच फुटेना. शेवटी सरळ मराठीत आरोळी: "घासलेऽऽट!" थोड्या दिवसांत मोरोक्कोच्या, बगदादच्या, रुमानियाच्या बाया "घासलेत! घासलेत!" करत डबे घेऊन धावू लागल्या. गाडी चाललेली, एकीने नरसाळं धरलेलं, तीच डबा सांभाळत पळतेय, मामा मागे वळून नळ सोडतायत, आणि बारूख शेजारून चालतोय, चाकाकडे बघत. "चाक फिरतंय ना? मग माझी काही तक्रार नाही," म्हणायचा. घोडीला वाटायचं तिचं काहीतरी चुकलंय. दर चार पावलांनी मान वळवून घंटेकडे बघायची. निम्मं घासलेट डब्यात, निम्मं आमच्या झग्यांवर. मी बटणांच्या फॅक्टरीत होते तेव्हा. फोरमन म्हणाला, रुबी, तू सिगरेट ओढणाऱ्यांपासून लांब बस.

धावणाऱ्यांचं कसंतरी भागलं. भागलं नाही ते तिसऱ्या मजल्यावरच्या येहुदितआजींचं.

आजी विधवा. मुलगा अरादला, तिकडे वाळवंटात नवं गाव उठत होतं तिथे घरं बांधायला गेलेला, सणासुदीला कधी आला तर आला. आजींचे गुडघे जिना उतरायला तयार नसत. त्या गॅलरीतून दोरीला डबा बांधून खाली सोडायच्या, मामा भरायचे, आजी वर ओढायच्या. मी दुसऱ्या मजल्यावर, त्यामुळे तो डबा जाता-येता माझ्या गॅलरीवर टकटक करायचा. आता चालत्या गाडीतून दोरीचा डबा भरायचा कसा? आजी सोडायच्या तोवर गाडी पुढे. मामा इमारतीला वळसा घालून परत येईपर्यंत आजींनी कंटाळून डबा वर ओढलेला. एकदा तो टाकीच्या कडीत अडकला आणि आजी दोरीसकट गॅलरीच्या कठड्यावर आल्या. मी वरून आरडाओरडा ऐकला आणि धावत जाऊन त्यांना मागे खेचलं. मी पहाटेच्या पाळीला नसेन तेव्हा त्यांचं घासलेट आणून द्यायची. त्या आठवड्यात माझी पाळी बदलली, आणि आजींची शेगडी विझली.

नेमका दुसऱ्या दिवशी हन्नाबीचा उरूस.

आमच्यात एलियाहू हन्नाबीला फार मान. अग्नीच्या रथात बसून जिवंत स्वर्गात गेलेला आमचा नबी. तो जाताना कोकणात थांबला होता अशी आमची श्रद्धा. अलिबागजवळ खंडाळे म्हणून गाव आहे, तिथे एका खडकावर त्याच्या घोड्यांच्या टापा आणि रथाच्या चाकाची रेघ उमटली आहे. तू बिशवात म्हणजे झाडांच्या नव्या वर्षाचा सण, त्या दिवशी आम्ही त्याचा उरूस करतो: पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलदोडा, वर फळं, असा मलिदा करून त्याच्या नावाने वाटतो. आमच्यातल्या मोठ्या माणसांपैकी जवळजवळ प्रत्येकाने लहानपणी बैलगाडीत बसून जाऊन तो खडक बघितलेला, त्याला हात लावून बोटं ओठांना लावलेली. दुसऱ्या कोणत्याही ज्यूला टापा दाखवल्या तर तो म्हणेल, घोडा गेला असेल. आमच्या माणसाला टापा दाखवू नयेत.

उरसाच्या आदल्या दुपारी मी फॅक्टरीत होते, रस्ता रिकामा होता, बारूख जेवायला गेलेला. मामा "घासलेट" ओरडत आले. वरून आजींनी हाक मारली, "सामाजी! उद्या हन्नाबीचा उरूस, आनि माज्या घरात दिवा नाय की शेगडी नाय! थंडीने माजे हात वळेनात. पोहे भिजवू कशी?" पोहे थंड पाण्यातच भिजवतात, पण हे आजींना सांगणार कोण? मामांनी रस्त्याच्या या टोकाला पाहिलं, त्या टोकाला पाहिलं, आणि घंटा वाजवली. फ्लोरिका थांबली. किती दिवसांनी तिला कोणीतरी समजेल असं बोललं होतं.

डबा खाली आला, भरला, वर गेला. मग आजींनी बाटली सोडली. मग मुलाची खबर सांगितली. नळ ठिबकत होता. मामा वर बघून "व्हय बाय, व्हय बाय" करत होते, आणि खाली घासलेट घोडीच्या पायांपर्यंत ओघळून डांबर मऊ होत होतं. गाडी हलली तेव्हा फ्लोरिकाने चिखलातून काढावे तसे पाय काढले. मामांनी मागे वळून पाहिलं. त्यांनी गाडी पळवली. फ्लोरिका पळू शकते हे त्या दिवशी त्यांना पहिल्यांदा कळलं.

दुसऱ्या दिवशी इमारतीच्या बाजूच्या पत्र्याच्या शेडमध्ये आमची तेफिला म्हणजे प्रार्थना, मग मलिदा, सगळं यथासांग झालं. बाहेर पडताना सगळ्यात पुढे आयझॅककाका. भायखळ्याच्या मालधक्क्यावर हेडक्लार्क होते. नियम, पोटनियम आणि खुलासा यांच्यावर त्यांचं बायकोपेक्षा प्रेम. ते रस्त्यावर आले आणि जागच्या जागी उभे राहिले. हातातलं मलिद्याचं ताट कलंडलं.

डांबरात चार टापा होत्या. दोन्ही बाजूंना चाकाची एकेक रेघ, गुळगुळीत, कारण मामांच्या गाडीचे टायर झिजून टकले झालेले. आणि टापा कुठून आल्या नव्हत्या, कुठे गेल्या नव्हत्या. जेवढ्या जागेत घासलेट सांडलं तेवढ्याच जागेत सगळं उमटलेलं. पुढे-मागे डांबर कोरं. अगदी खंडाळ्यासारखं.

"हन्नाबी," काका पुटपुटले. झालं. बायकांनी डोक्यावरचे रुमाल सारखे केले. कोणी खाली बसून हात लावला, बोटं ओठांना लावली. एका म्हातारीने तर हंबरडा फोडला, की आम्ही कोकण सोडून आलो पण हन्नाबीने आम्हाला सोडलं नाही. खरं सांगते, मलाही हात लावावासा वाटला. त्या वर्षी इथले धर्मगुरू जिकडेतिकडे आमच्याकडे पुरावे मागत होते. तुम्ही खरे ज्यू कशावरून, तुमची लग्नं खरी कशावरून. अशा वेळी नबी स्वतः येऊन दारात गाडी लावून गेला म्हटल्यावर कोणाला नको वाटेल?

तरी मी म्हटलं, "काका, घासलेटचा वास येतोय."

"रुबी," काका म्हणाले, "रथ अग्नीचा होता. मग काय अत्तराचा वास येणार?"

सामाजीमामांचा संशय कोणालाही आला नाही. ते इथे थांबत नाहीत हे आमच्याइतकं कोणाला माहीत होतं? आम्ही तर त्यांच्यामागे धावून धावून बारीक झालो होतो. मामा गर्दीत मागे उभे होते, थंडीत घामाने भिजलेले. लोक म्हणाले, बघा, सामाजीला कसं भरून आलंय. वर जाऊन कोणीतरी आजींना बातमी दिली, की हन्नाबीचा रथ तुमच्या गॅलरीखाली थांबला होता. आजी म्हणाल्या, "कवा? काल दिसभर मी गॅलरीत व्हते. मला कोणी दाखवला नाय." लोकांनी तो त्यांचा साधेपणा समजला.

पुढच्या तीन-चार दिवसांत रिमोन रस्त्याची जत्रा झाली. रामलाहून लोक आले, अश्दोदहून आमच्या लोकांची आख्खी बस भरून आली. आणि ती बस थांबली. कुठे, तर पाटीखाली. बारूख शिट्टी फुंकत धावला.

"असूर! मनाई! इथे थांबायला बंदी आहे!"

"आम्ही दर्शनाला आलोय," बसमधले म्हणाले.

"कसलं दर्शन? कोणीतरी नवा रस्ता खराब केलाय, मी त्याला शोधतोय!"

तेव्हा आयझॅककाका पुढे झाले. चष्मा लावला, पाटी मोठ्याने वाचली आणि म्हणाले, "पकाखसाहेब, नियम काय म्हणतो? अग्निशामक गाडीला सूट आहे."

"आहे. मग?"

"एलियाहू हन्नाबीचा रथ अग्नीचा. घोडे अग्नीचे. म्हणजे गाडी आगीच्या खात्यात येते. त्याने नियम मोडलेला नाही."

बारूखने टोपी काढून डोकं खाजवलं. "अग्निशामक म्हणजे आग विझवणारी. याची गाडी तर पेटलेली."

"पेटलेल्या गाडीला तर आधी सूट पाहिजे," काका म्हणाले.

"अरे, एलियाहू आमच्याकडेही येतो!" बारूख आता खरंच चिडला. "दर पेसाखच्या सणाला येतो, दर सुंतेला येतो. बल्गेरियात माझ्या आजीच्या घरी साठ वर्षं आला. कधी रस्ता नाही बिघडवला!"

"तुमच्याकडे काय, वाइनचा घोट घेतो आणि जातो," काका शांतपणे म्हणाले. "आमच्याकडे मलिदा असतो. त्याला वेळ लागतो."

बसमधल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. बारूखने वही काढली, बसचा नंबर लिहिला, मग खोडला, आणि मिशी चावत निघून गेला. मी गॅलरीत पोट धरून हसत होते. हसता हसता जिन्याकडे गेले तर पायरीवर मामा बसलेले, रडवेले.

"रुबी," ते म्हणाले, "ती फ्लोरिका हाय गो."

मला आधी कळलंच नाही. मग त्यांनी सगळं सांगितलं. दोरी, डबा, बाटली, नळ.

"तुम्ही तोंड उघडू नका," मी म्हटलं. "परवाना जाईल."

"परवाना जाईल ते ठाव हाय. पन लोक माज्या घोडीच्या खुराला हात लावून ओठाला लावतात, आनि नाव हन्नाबीचं घेतात. तो वरून बघत असेल ना? काय म्हनेल? सामाजी, तुजी गाडी माज्या नावावर लावलीस?"

"म्हणेल, थोडे दिवस गप्प राहा," मी म्हटलं. मला हन्नाबीपेक्षा मलकामामींची काळजी जास्त होती.

दोन दिवसांनी इंजिनिअर स्वतः आला. बरोबर बारूख, फावडेवाली माणसं आणि गरम डांबराची गाडी. खड्डा खरवडून नवीन डांबर घालायचं होतं. आमचे लोक टापांभोवती कडं करून उभे राहिले, मी माझ्या गॅलरीतून बघत होते. इंजिनिअर म्हणाला, हटा. आयझॅककाका म्हणाले, खुलासा द्या. बायका रडायला लागल्या, डांबर थंड व्हायला लागलं. इंजिनिअर ओरडला, "तुम्ही भारतातले लोक दगडाला देव म्हणता ते ऐकलं होतं, आता डांबरालाही म्हणायला लागलात?"

ते मात्र सगळ्यांना लागलं. आणि तेवढ्यात गर्दीतून मामा पुढे आले. पाठीमुळे वाकडेच चालायचे, त्या दिवशी जरा जास्तच.

"देव नाय, काय नाय," ते आधी मराठीत म्हणाले, मग मोडक्या हिब्रूत, बोटाने स्वतःला दाखवत, "गाडी माझी. घोडी माझी. मी थांबलो. यांना काही बोलू नका. यांना माहीत नव्हतं." आणि खिशातून मेणकापडात गुंडाळलेला परवाना काढून त्यांनी बारूखपुढे धरला.

तुम्हाला वाटेल लोक चमकले असतील. छे! कोणाचा विश्वासच बसेना. "सामाजी आमच्यासाठी बळी जातोय," असं एक बाई म्हणाली आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या. आयझॅककाका म्हणाले, "पुरावा काय?" आपल्याच गुन्ह्याचा पुरावा द्यायची पाळी आलेला माणूस मी तो पहिला पाहिला. मामांनी फ्लोरिकाला आणलं, तिचा पाय उचलून टापेत ठेवला. पाय आत डुगडुगला! डांबर तेवढ्या दिवसांत पसरलं होतं, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याने बोटं लावून लावून खळगा मोठा केला होता. मामांनी दुसरा पाय ठेवला. तोही डुगडुगला. फ्लोरिकाने कंटाळून शेपटी मामांच्या तोंडावर मारली.

"लागू पडत नाही," काका विजयाने म्हणाले. "घोडं मोठं होतं."

"माजीच हाय हो!" मामा कळवळून ओरडले. "देवाशप्पथ माजी हाय!"

इंजिनिअरने वर पाहिलं. गॅलरीत येहुदितआजी शाल गुंडाळून उभ्या होत्या. "त्या म्हातारीला विचारा," तो म्हणाला. "ती तर रोज तिथेच असते. उरसाच्या आदल्या दिवशी इथे कोण थांबलं होतं?"

काकांनी मराठीत विचारलं. सगळा रस्ता मान वर करून बघत होता. आजी हन्नाबीच्या नावाने खोटं बोलणार नाहीत हे मला पक्कं माहीत होतं, आणि खरं बोलल्या तर मामांचं काय होणार तेही.

"कोण म्हंजे? सामाजी," आजी म्हणाल्या.

"आणि हन्नाबी?" काकांचा आवाज बारीक झाला.

"हन्नाबी नाय थांबला बाबा. तो गेला असेल इथून, कितीदा गेला असेल, त्याला काय सूट हाय. माज्याकडे आजवर थांबला नाय. सामाजी थांबला. मी हाक मारली, तो थांबला. माज्या घरात त्याच्यामुळे शेगडी पेटली. त्याला काय बोलू नका."

बारूखला मराठीचं अक्षर कळत नव्हतं, पण तो टोपी हातात घेऊन उभा होता. मी आयझॅककाकांकडे पाहिलं. ते पाटीकडे बघत होते, वरून खाली, पुन्हा वरून खाली. नबीसाठी त्यांना भराभर पोटनियम सुचले होते. सामाजीसाठी एक सुचेना. मला असा राग आला की काय सांगू. मी गॅलरीतून ओरडले, हिब्रूत, सगळ्यांना कळेल असं, की ज्याला थांबायची गरज नाही त्याच्यासाठी तुम्ही भांडलात, आणि जो थांबतो त्याच्यासाठी कोणाला तोंड नाही! घरात गेले आणि रडले.

बारूखने परवाना घेतला. घ्यावाच लागला, इंजिनिअर समोर होता. डांबर पडलं, टापा गेल्या. आमच्यातले बरेच लोक मामांशी बोलेनासे झाले. त्यांनी खोटं सांगितलं असतं तर लोकांनी त्यांना माफ केलं असतं. खरं सांगून त्यांनी आमचा नबी नेला होता. मामा घरात बसून राहिले. मलकामामी त्यांना झाडं कशी लावतात ते गॅलरीतल्या कुंडीत शिकवायच्या आणि मग तोंड फिरवून डोळे पुसायच्या.

आणि रिमोन रस्त्यावर घासलेट येईना. थंडी तर अशी की रात्री कपड्यांवर कपडे चढवून झोपावं लागे. बारूख फेरीला आला की मोरोक्कोच्या बाया त्याला घेरायच्या. परवाना तू घेतलास ना? मग डबा तू उचल. पोट सांभाळत तो डेपोवरून डबे आणायचा. आजींचा डबा घेऊन तिसऱ्या मजल्यावर चढायचा, आजी त्याला चहा पाजायच्या आणि मराठीत मुलाची खबर सांगायच्या, आणि तो "केन, सावता, केन", म्हणजे हो आजी, हो, म्हणायचा. आठवडाभरात त्याचा घाम निघाला. मग तो तडक इंजिनिअरकडे गेला. काय बोलणं झालं ठाऊक नाही. बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात मामांचा परवाना होता. अट एकच, नळाला नवा वायसर आणि खाली पत्र्याचं तबक. रंगारी येऊन पाटीवर एक ओळ वाढवून गेला: आणि घासलेटची गाडी, गिऱ्हाईक असेपर्यंत.

आयझॅककाकांनी ती ओळ चष्मा लावून वाचली, चष्मा पुसला, पुन्हा वाचली. "मसुदा ढोबळ आहे," म्हणाले. पण त्या दिवशी सगळ्यात आधी डबा घेऊन तेच उभे होते, आणि मामांशी तेच पहिले बोलले.

त्यानंतर बरेच दिवसांनी, पुरीमचा सणही होऊन गेल्यावर, अश्दोदहून एक बाई आली. वयस्कर, पांढरं नेसलेली, हातात पिशवी. तिला बातमी उशिरा लागली होती आणि बसभाडं जमवायला आणखी उशीर. मामा आमच्या गॅलरीखाली गाडी थांबवून वरच बसले होते. मी डबा घेऊन खाली आले होते.

"दादा," तिने विचारलं, "हन्नाबीची गाडी कुठं थांबली व्हती?"

मामांचा चेहरा उतरला. पुन्हा सांगायचं, पुन्हा एकीचा नबी न्यायचा. "इथंच, बाय," ते म्हणाले. "पन हन्नाबीची नव्हती. माजी व्हती. ही घोडी. लोकांची चूक झाली. माफ करा, तुमी लांबून आलात."

बाईने गाडीकडे पाहिलं, टाकीकडे पाहिलं. "मंग तुमी कशाला थांबला व्हता?"

मामांनी वर बोट दाखवलं. "वर एक म्हातारी ऱ्हाते. एकटी. तिचं घासलेट संपलं व्हतं."

बाई वर बघत राहिली. आजींनी वरून हात हलवला. मग बाईने पिशवी खाली ठेवली, गाडीच्या टकल्या चाकाला हात लावला आणि बोटं ओठांना लावली. मामा काही म्हणायच्या आत ती घोडीच्या टापांकडे वाकली.

"अवो बाय, ऱ्हाऊ द्या," मामा घाईघाईने खाली उतरत म्हणाले. "ती लाथ मारते."